लसीचा दाखला मागितला तर काय करावे?

नोव्हेंबर 2021 मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, असा हुकूम निघाला की करोना प्रतिबंधक लसीची निदान एक मात्रा घेतल्याचा दाखला दाखविल्याखेरीज रास्त भावाच्या दुकानात धान्य, एजन्सीत गॅस आणि पंपावर पेट्रोल कोणास मिळू नये. त्याच महिन्याच्या आरंभी, पहिल्या मात्रेचे प्रमाण निम्म्याहून खाली राहिलेल्या जिल्ह्यांचा जो आढावा पंतप्रधानांनी घेतला, त्यात औरंगाबाद व हिंगोलीच्या जोडीने नांदेडचेही नाव होते. त्याआधी ऑक्टोबरात राज्यातील महाविद्यालये उघडली तीही दोन्ही मात्रा घेतलेल्या विद्यार्थ्यांपुरतीच, आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेतील नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या चार जिल्ह्यांतील मुलांना वर्गात बसण्यापूर्वी मोबाइलमधील प्रमाणपत्र दाखवावे लागले. पुढे 27 नोव्हेंबर 2021 च्या राज्यशासनाच्या आदेशाने सार्वजनिक वाहनांतून प्रवास करण्यासही संपूर्ण लसीकरणाची अट घातली.

ते दिवस सरले. तथापि साथ ही कधी ना कधी पुन्हा येणारी गोष्ट आहे, आणि ती येईल तेव्हा दाखल्याची मागणीही तिच्याबरोबर येईल. त्या वेळी घाईगर्दीत, अफवांच्या गदारोळात आणि कचेरीच्या खिडकीपुढील रांगेत विचार करीत बसण्यापेक्षा, आज शांतपणे हे समजून घ्यावे की कायद्याने आपल्यावर कोणते बंधन घातले आहे, कोणते घातलेले नाही, आणि नकार मिळालाच तर दाद कोठे मागावयाची. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे. प्रारंभीच एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे : लस घ्यावी, मुलांना वेळच्या वेळी द्यावी, आणि वृद्धांना आग्रहाने केंद्रावर न्यावे, असेच माझे मत आहे. परंतु लस घेणे हे जसे नागरिकाचे कर्तव्य, तसे दाखला मागणाऱ्याने आपला अधिकार कायद्याच्या आधाराने दाखविणे हे शासनाचे कर्तव्य होय. आणि ही दोन्ही कर्तव्ये एकमेकांस पूरक आहेत, विरोधी नाहीत.

कायद्याची आजची स्थिती

सर्व नागरिकांनी अमुक लस घेतलीच पाहिजे असे सांगणारा केंद्राचा सर्वसाधारण कायदा आज अस्तित्वात नाही. आणि लसीचा दाखला मागण्यास सरसकट मनाई करणारा कायदाही महाराष्ट्राच्या विधिमंडळाने केलेला नाही. अमेरिकेतील काही राज्यांनी जसे अशा मनाईचे स्वतंत्र अधिनियम मंजूर केले, तसे आपल्याकडे घडले नाही. आपल्याकडील मर्यादा आली ती संविधानातून व न्यायालयांच्या निर्णयांतून.

पूर्वी स्थिती निराळी होती. 1880 च्या लसीकरण अधिनियमाने ब्रिटिश हिंदुस्थानातील ठराविक नगरपालिका व छावण्यांच्या हद्दीत मुलांना देवी काढून घेणे सक्तीचे करण्याची तरतूद केली होती. नांदेड-लातूरचा मुलूख त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्यामुळे तो अधिनियम येथे थेट लागू नव्हता. पुढे प्लेगच्या निमित्ताने 1897 चा साथरोग अधिनियम झाला. त्याच वर्षी पुण्यात घरझडतीच्या नावाखाली जो जुलूम झाला, आणि त्याचा शेवट प्लेग अधिकारी रँडच्या वधात कसा झाला, हे मराठी वाचकास सांगावयास नको. त्याच वर्षाच्या जानेवारीत हाफकिन यांनी मुंबईत आपली प्लेगप्रतिबंधक लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली, आणि मगच ती लोकांपुढे ठेवली. सक्तीची वाट व विश्वासाची वाट या दोन्ही एकाच वर्षी एकाच इलाख्यात दिसल्या, आणि त्यांपैकी कोणती अधिक दूर जाते हे इतिहासाने दाखवून दिले.

आज साथीच्या काळात निघणारे बहुतेक आदेश दोन कायद्यांखाली निघतात : हा 1897 चा साथरोग अधिनियम, आणि 2005 चा आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, ज्याखाली जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. दोन्ही कायदे शासनास विस्तृत अधिकार देतात, परंतु ते अधिकार विहित रीतीनेच वापरावे लागतात. मुंबईच्या लोकल गाड्यांत केवळ संपूर्ण लसीकरण झालेल्यांनाच प्रवेश देणारे जे आदेश ऑगस्ट 2021 मध्ये निघाले, ते तत्कालीन मुख्य सचिवांनी ठरलेल्या कार्यपद्धतीस धरून काढलेले नव्हते असे मत मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये व्यक्त केले, आणि शासनास ते मागे घेण्यास सुचविले. हेतू कितीही चांगला असो, कार्यपद्धती डावलली की आदेशाचा पायाच खचतो, हा त्यातील बोध आहे. अखेर मार्च 2022 च्या शेवटी, गुढीपाडव्याच्या तोंडावर, राज्यशासनाने सर्वच निर्बंध उठविले.

सर्वोच्च न्यायालयाने काय ठरविले

या विषयावरील प्रमुख निर्णय 2 मे 2022 चा आहे. जेकब पुलियेल विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात न्यायमूर्ती नागेश्वर राव व न्यायमूर्ती भूषण गवई यांनी जे ठरविले, ते प्रत्येकाने नीट समजून घ्यावे. कारण त्या निर्णयाचा अर्धाच भाग सांगणारे लोक दोन्ही बाजूंना आढळतात.

पहिली गोष्ट अशी की, आपल्या शरीरावर आपला अधिकार हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदाने दिलेल्या हक्काचा भाग आहे, आणि म्हणून कोणासही बळजबरीने लस टोचता येणार नाही. दुसरी अशी की, सार्वजनिक आरोग्याच्या रक्षणासाठी शासनास व्यक्तीच्या हक्कांवर मर्यादा घालता येतात; मात्र त्या मर्यादेस कायद्याचा आधार असावा, तिचा हेतू रास्त असावा, आणि ती प्रसंगाच्या मानाने प्रमाणशीर असावी. तिसरी अशी की, त्या वेळी उपलब्ध असलेल्या माहितीवरून, लस न घेतलेल्यापासून होणारा संसर्ग लस घेतलेल्यापासून होणाऱ्या संसर्गापेक्षा अधिक असतो असे दाखविणारा पुरेसा पुरावा सरकारांनी न्यायालयापुढे ठेवला नाही. म्हणून संसर्गाचे प्रमाण कमी आहे तोवर लस न घेतलेल्यांना सार्वजनिक जागा, सेवा व साधने नाकारणारे निर्बंध प्रमाणशीर म्हणता येत नाहीत, आणि सर्व प्राधिकरणांनीच नव्हे तर खासगी संस्था व शैक्षणिक संस्थांनीही अशा आदेशांचा फेरविचार करावा.

याच निकालाने केंद्राचे लसीकरण धोरण मनमानी नाही असेही सांगितले, आणि लसीनंतरच्या दुष्परिणामांच्या नोंदी लोकांस पाहता येतील अशी व्यवस्था करण्यास फर्मावले. मात्र निर्बंधांविषयीचे न्यायालयाचे मत त्या काळच्या परिस्थितीपुरते होते. उद्या अधिक घातक रोग आला, आणि लस घेतल्याने दुसऱ्यास होणारा संसर्ग थांबतो असा ठोस पुरावा पुढे आला, तर प्रमाणशीरतेची तीच कसोटी निराळे उत्तर देऊ शकेल. ‘सर्वोच्च न्यायालयाने लसीची सक्ती कायमची रद्द केली’ असे जे सांगितले जाते ते म्हणूनच अपुरे आहे. आणि ‘शासन काहीही करू शकते’ हेही तितकेच चुकीचे आहे. केंद्र सरकारनेही जानेवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्रावर सांगितले होते की, संमतीविना लसीकरण करणे हे आपल्या मार्गदर्शक सूचनांत नाही, आणि कोणत्याही कामासाठी लसीचे प्रमाणपत्र जवळ बाळगणे आपण अनिवार्य केलेले नाही.

खिडकीपुढे उभे असताना

समजा, रास्त भावाच्या दुकानी, तहसिलीच्या एखाद्या दाखल्यासाठी, वसतिगृहाच्या प्रवेशाला किंवा कारखान्याच्या फाटकावर तुम्हांस लसीचा दाखला मागितला, आणि तो तुमच्यापाशी नाही. अशा वेळी वाद घालण्यापूर्वी शांतपणे चार गोष्टी विचाराव्यात : हा आदेश कोणी काढला, कोणत्या अधिनियमाच्या कोणत्या कलमाखाली काढला, त्याचा क्रमांक व दिनांक काय, आणि तो किती मुदतीपर्यंत अंमलात आहे. दुकानदार, शिपाई किंवा फाटकावरील पहारेकरी यांना या प्रश्नांची उत्तरे बहुधा ठाऊक नसतात, आणि त्यात त्यांचा दोषही नसतो; त्यांना वरून तोंडी ताकीद मिळालेली असते. म्हणून त्यांच्याशी भांडू नये. साथीच्या काळात आरोग्यसेवकावर हात उगारणे किंवा त्यांच्या साहित्याची नासधूस करणे हा तर 2020 च्या दुरुस्तीने अजामीनपात्र गुन्हा झाला असून, त्यास तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड आहे. घरोघर लसीकरणाच्या ‘हर घर दस्तक’ मोहिमेत ज्या आशा सेविका उन्हातून दारोदार फिरल्या, त्या आदेश काढीत नसतात. त्यांना आधी पाणी विचारावे, मग शंका विचारावी.

दुसरी काळजी अशी की, अंमलात असलेला लेखी आदेश आपल्या मते चुकीचा असला तरी तो मोडून दाखविणे हा मार्ग नव्हे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या एकावन्नाव्या कलमाखाली आदेश न पाळल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि लोकसेवकाचा आदेश मोडण्याचा जो गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या 188 व्या कलमात होता, तो 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या 223 व्या कलमात आहे. आदेश पाळून त्याविरुद्ध दाद मागणे हाच शहाणपणाचा क्रम होय.

तोंडी नकार मिळाल्यास त्याच दिवशी एक साधा अर्ज लिहावा, त्याची एक नक्कल स्वतःजवळ ठेवावी, आणि तिच्यावर आवक-क्रमांकासह पोच घ्यावी. अर्जाचा मजकूर थोडक्यात असा असावा :

*‘मी अमुक गावचा रहिवासी असून आज रोजी आपल्या कार्यालयात अमुक सेवेसाठी हजर राहिलो असता, लसीकरणाचे प्रमाणपत्र नसल्याच्या कारणावरून मला सदर सेवा नाकारण्यात आली. सदर अट ज्या आदेशान्वये लागू करण्यात आली आहे त्या आदेशाची प्रत मला द्यावी. तसा आदेश अंमलात नसल्यास सदर सेवा विनाविलंब द्यावी. व सेवा नाकारावयाची असल्यास तसे कारणासह लेखी कळवावे, ही विनंती.’*

या अर्जात राग नाही, आरोप नाही, आणि लसीविषयी मतप्रदर्शनही नाही. ज्या कचेरीपाशी आदेशच नाही, तिला असा अर्ज आला की तोंडी अट पुष्कळदा आपोआप गळून पडते. कारण लेखी नकारावर सही करावयाची म्हटली की अव्वल कारकून साहेबांकडे जातो, आणि साहेब शासन निर्णय शोधावयास लावतात.

दाद मागण्याच्या पायऱ्या

धान्य नाकारले गेले असल्यास प्रथम तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत, आणि तेथे काम न झाल्यास 2013 च्या अन्नसुरक्षा अधिनियमाखालील जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करावी. पात्र कुटुंबास धान्य मिळणे हा त्या अधिनियमाने दिलेला हक्क आहे, आणि लसीची अट त्यात नाही. महाविद्यालयाबाबत प्राचार्य व मग विद्यापीठाचे कुलसचिव, नोकरीबाबत व्यवस्थापन व मग कामगार आयुक्तांचे कार्यालय, असा क्रम ठेवावा.

आदेशाची प्रत मिळत नसेल तर माहितीचा अधिकार हे मोठे साधन आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांच्या आत अर्ज द्यावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क नाही. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे, परंतु मागितलेली माहिती जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर ती अठ्ठेचाळीस तासांत द्यावी लागते. म्हणून औषधोपचार वा अन्न अडले असल्यास अर्जाच्या आरंभीच तसे नमूद करावे. उत्तर न आल्यास तीस दिवसांत प्रथम अपील, आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठाकडे द्वितीय अपील करता येते.

हे सर्व करूनही मूलभूत हक्काची पायमल्ली चालूच राहिली, तर संविधानाच्या 226 व्या अनुच्छेदाखाली उच्च न्यायालयाचे दार मोकळे आहे. नांदेड व लातूर हे दोन्ही जिल्हे औरंगाबाद खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतात. वकिलाचा खर्च झेपत नसल्यास जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करावी. स्त्रिया, बालके आणि अनुसूचित जाती-जमातींचे पक्षकार यांना तेथे उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य कायदेसाहाय्य मिळते.

जेथे दाखला मागणे रास्त आहे

प्रत्येक दाखला म्हणजे जुलूम, असे समजणे मात्र सर्वस्वी चुकीचे ठरेल. पीतज्वराचा प्रादुर्भाव असलेल्या आफ्रिकेतील वा दक्षिण अमेरिकेतील देशातून भारतात येणाऱ्या प्रवाशास त्या लसीचे प्रमाणपत्र आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांखाली दाखवावेच लागते; ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होते, 2016 पासून ते आजन्म चालते, आणि ते नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहण्याचा प्रसंग येतो. नोकरीनिमित्त तिकडे जाणाऱ्यांनी ही लस मान्यताप्राप्त केंद्रातच, आणि प्रवासाच्या पुरेशी आधी घ्यावी. हज यात्रेकरूंसाठी मेंदूज्वराच्या लसीची जी अट आहे, ती सौदी अरेबियाच्या सरकारची असून तीही प्रवेशापूर्वी निदान दहा दिवस घेतलेली असावी लागते. रुग्णालयात ज्यांचा रक्ताशी व सुयांशी रोजचा संबंध येतो, त्यांना हिपॅटायटिस-बीची लस घेण्यास सांगितले जाते, तेही त्यांच्याच रक्षणासाठी. लातूरमध्ये नीटची तयारी करून वैद्यकीय महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींनी ही लस आधीच घेऊन तिची नोंद जपून ठेवावी.

या सर्व अटी एका विशिष्ट धोक्याशी, विशिष्ट स्थळाशी आणि विशिष्ट कामाशी बांधलेल्या आहेत, आणि ते त्यांच्या रास्तपणाचे गमक आहे. ज्या अटीचा संबंध धोक्याशी जोडता येत नाही, जसे रोगप्रसाराशी काडीचाही संबंध नसलेल्या घरगुती गॅसच्या टाकीची नोंदणी, ती अट तपासून पाहावयाची असते.

मुलांचे लसीकरण आणि कागदपत्रे

करोनाच्या वादाचा एक अनिष्ट परिणाम असा झाला की, काही पालकांच्या मनात लहान मुलांच्या नेहमीच्या लसींविषयीही किंतु उत्पन्न झाला. नोव्हेंबर 2022 मध्ये मुंबईतील गोवंडीत, तसेच मालेगाव व भिवंडीत गोवराचा उद्रेक झाला, आणि त्यात बालके दगावली. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान व दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यावयाची असते. या दोन मात्रांच्या बाबतीत चालढकल करणाऱ्या पालकास कायद्याने शिक्षा होणार नाही हे खरे. पण जी शिक्षा होईल ती मुलास होईल.

शाळांतून मोहीम होते तेव्हा पालकांची संमती घेतली जावी, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. जानेवारी 2019 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तेथील शाळांतील गोवर-रुबेला मोहीम पालकांच्या संमतीच्या मुद्द्यावरून थांबविली होती. म्हणून शाळेतून येणारा संमतीचा कागद न वाचता सही करून परत पाठवू नये. मुलास पूर्वी एखाद्या लसीने त्रास झाला असल्यास, किंवा त्यास दीर्घ आजार असल्यास, तो त्या कागदावर लिहून कळवावा. लसीनंतर तीव्र ताप, आचके किंवा अंगावर सूज आली तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यास लागलीच कळवून त्याची नोंद करवून घ्यावी.

आता प्रत्यक्ष कागदाविषयी. माता व बाल संरक्षण कार्ड हे अंगणवाडीतून किंवा उपकेंद्रातून मिळते, आणि प्रत्येक लसीपुढील चौकटीत परिचारिका दिनांक घालते. बहुतेक घरांत ते कार्ड शिधापत्रिकेच्या पिशवीत दुमडून पडते, घडीवर फाटते, आणि नेमका गोवराच्या दुसऱ्या मात्रेचा दिनांक घडीवरच असल्याने तो वाचता येईनासा होतो. म्हणून प्रत्येक लस झाल्यावर त्या पानाचे मोबाइलवर छायाचित्र काढावे, आणि एक झेरॉक्स वेगळ्या ठिकाणी ठेवावी. ऊसतोडीसाठी दिवाळीनंतर बाहेर पडणाऱ्या कुटुंबांनी ते कार्ड बरोबरच न्यावे. यू-विन या सरकारी प्रणालीत नोंद झालेली असली तर दुसऱ्या जिल्ह्यातही पुढील मात्रा घेता येते, म्हणून नोंदणी करतेवेळी स्वतःचा चालू मोबाइल क्रमांक द्यावा. करोना लसीचे प्रमाणपत्र को-विन किंवा डिजिलॉकरवरून उतरवून ठेवावे, आणि नाव वा जन्मवर्ष चुकले असल्यास गरज पडण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्यावे.

परदेशी असलेल्या मुलांच्या पालकांसाठी

नांदेड-लातूरची पुष्कळ मुले आज अमेरिकेत शिकत आहेत, आणि तेथील कायदे राज्यागणिक भिन्न आहेत. मोंटाना व फ्लोरिडा या राज्यांनी 2021 मध्ये लसीच्या स्थितीवरून भेदभाव करण्यास किंवा करोना लसीचा दाखला मागण्यास मनाई करणारे अधिनियम केले. टेक्सासने 2023 मध्ये खासगी मालकांना करोना लसीची सक्ती करण्यास बंदी केली. आणि आयडाहोने 2025 मध्ये ही मनाई करोनापलीकडील वैद्यकीय उपायांपर्यंत वाढविली. परंतु या बातम्या वाचून, तिकडे आता कोणताच दाखला लागत नाही असे समजू नये. अनेक विद्यापीठे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या दोन मात्रांची नोंद मागतात, आणि ती नसल्यास नावनोंदणी अडवितात. विमानात बसण्यापूर्वी विद्यापीठाचे आरोग्यपत्रक वाचून येथेच त्याची पूर्तता करणे स्वस्तही पडते आणि सोयीचेही.

अखेरचे सांगणे

साथीच्या काळात अधिकाऱ्यावर मोठे दडपण असते, आणि आकडा वाढविण्याचा सर्वांत जवळचा मार्ग म्हणून त्याला धान्य, इंधन किंवा पगार अडविणे सुचते. पण ज्या माणसाने भुकेच्या धाकाने दंड पुढे केला, त्याच्या मनातली शंका तशीच राहते, आणि ती तो पुढच्या लसीच्या वेळी आपल्या नातवंडापर्यंत पोचवितो. उलट ज्याला गावातल्या डॉक्टरने समोर बसवून लसीचे गुण, तिचे संभाव्य त्रास व तिची गरज ही तिन्ही मोकळेपणाने सांगितली, तो स्वतः लस घेतो आणि शेजाऱ्यालाही नेतो. म्हणून सक्तीस कायद्याची चौकट मागणारा नागरिक हा लसीचा शत्रू नसून तिच्या विश्वासार्हतेचा रक्षक आहे, अशीच माझी श्रद्धा आहे.

वाचकांस माझी विनंती आहे की या आठवड्यातच दोन कामे करावीत : घरातील प्रत्येकाच्या लसीकरणाची नोंद एका वहीत उतरवून कागद एकत्र करावेत, आणि ज्या बालकाची मात्रा राहिली असेल त्यास येत्या लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रावर न्यावे. ही दोन्ही ज्याने केली, तो उद्या कोणत्याही खिडकीपुढे उभा राहिला तर, दाखला देताना संकोचणार नाही आणि आदेशाची प्रत मागताना कचरणारही नाही.